आधी चढ शोधायचा, मग कॅमेरा काढायचा

वाफेच्या इंजिनाच्या मागं कार पळवत फिरणाऱ्या माणसाला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात, की बाबा एवढीच हौस आहे तर तिकीट काढून आत का बसत नाहीस. उत्तर सोपं आहे, आत बसलं की इंजिन दिसत नाही. तुम्ही सातव्या डब्यात टेबलाशी बसून चहा पिणार, बाहेर मेंढ्या बघणार, मोठ्या वळणावर एकदा कधीतरी पुढं धुराची शेपटी दिसली तर दिसली. बाकी सगळी मजा रस्त्याकडेच्या दगडी भिंतीला टेकून, नाक गळत असताना उभं राहणाऱ्याला मिळते.

आणि उभं कुठं राहायचं हा खरा प्रश्न. नवीन पोरं आधी लेन्स विचारतात, कुठली बॉडी, किती शटर स्पीड वगैरे. ते सगळं नंतर. आधी नकाशा काढायचा आणि चढ शोधायचा. सपाटीवर किंवा उतारावर वाफेचं इंजिन म्हणजे काळी टाकी, गडगडत येते आणि जाते, धूर नाही, आवाज नाही, फोटोत तर ते उभं आहे का चाललंय तेही कळत नाही. तेच इंजिन चढावर बघा. वाफ, धूर, आवाज, जमिनीची थरथर सगळं एकदम, कारण तिथं त्याचा जीव निघत असतो. मी तर म्हणेन वाफेच्या इंजिनाचा चांगला फोटो हा इंजिनाचा नसतोच, त्याला पडणाऱ्या कष्टाचा असतो.

इंग्लंडच्या उत्तरेला यासाठी दोन जागा नंबर एक आहेत आणि नशीब असं की दोन्ही एका दिवसात होतात. हिवाळ्यात जानेवारी ते मार्च लंडनवरून शनिवारी स्पेशल गाड्या निघतात, युस्टन स्टेशनपासून कार्नफर्थपर्यंत विजेचं इंजिन, कार्नफर्थला वाफेचं लागतं, मग शॅपचा घाट चढून कार्लाइल, तिथं लोक दोन-एक तास हिंडतात आणि परत येताना गाडी दुसऱ्या मार्गाने, म्हणजे सेटल-कार्लाइल लाइनने खाली येते. म्हणजे जाताना शॅपचा चढ, येताना एस गिलचा. दोन्हीच्या मधे रस्त्याने जेमतेम अर्धा-पाऊण तास. शॅपला गाडी गेली की कॅमेरा गुंडाळायचा, टीबेवरून कर्बी स्टीव्हनचा रस्ता धरायचा आणि गाडी कार्लाइलवरून परत येईपर्यंत एस गिलला भिंतीशी जागा पकडून बसायचं. चेस चेस म्हणतात ते एवढंच, हॉलिवूडसारखं काही नाही. खरं सांगायचं तर नव्वद टक्के वाट बघणं.

फेब्रुवारीच का, तर थंडी. वाफ मुळात दिसत नाही, दिसतात ते वाफ गार होऊन झालेले पाण्याचे थेंब. उन्हाळ्यात पंचवीस डिग्रीला चिमणीतनं निघालेली वाफ हवेत विरून जाते, फोटोत नुसती टाकी. तीन-चार डिग्रीला तीच वाफ ढगासारखी अख्ख्या गाडीवर पसरते. शिवाय उन्हाळा कोरडा असला की ठिणग्यांनी कडेचं गवत पेटायची भीती, मग पुढं किंवा मागं डिझेल जोडतात, कधी कधी तर वाफेचं इंजिनच रद्द. त्यामुळं हे वेडे लोक बर्फ पडायची वाट बघत असतात.

या खेपेला सोबत दाजी होते. ताई आणि दाजी कोल्हापूरहून आमच्याकडे महिन्याभरासाठी आलेले, फेब्रुवारीत, कारण तिकीट स्वस्त मिळालं. ताईनं आल्या आल्या हीटरशेजारची खुर्ची पकडली ती सोडली नाही. दाजी मात्र कंटाळले होते. दाजींचं अख्खं आयुष्य साखर कारखान्यात बॉयलरवर गेलंय, फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, आता रिटायर. मी म्हणलं शनिवारी एक बॉयलर बघायला येताय का, रुळावर पळणारा. तर म्हणाले, "पाव्हणं, हे आधी सांगायचं की."

सकाळी निघालो. एम सिक्स हायवे लून नदीच्या खिंडीत शिरला की डाव्या-उजव्या हाताला डोंगर येतात आणि रेल्वे अगदी हायवेला चिकटून चालते. टीबे गावापासून खरा चढ सुरू. साधारण चार मैल सलग, ७५ फुटांमागं १ फूट. माथा ९१६ फुटांवर. ऐकायला फार नाही वाटत, आपल्या बोरघाटात ३७ ला १ आहे, म्हणजे जवळपास दुप्पट. पण शॅपची गंमत अशी की ही मेन लाइन, लंडन-ग्लासगो, आणि बारा-चौदा डब्यांची गाडी घेऊन एकच इंजिन जोरात पळत येऊन हा चढ घ्यायचं. जोसेफ लॉक नावाच्या इंजिनिअरनं ही लाइन १८४४ ते १८४६ अशी अडीच वर्षात संपवली, बोगदा एकही नाही, बोगद्याचा वेळ आणि पैसा वाचवला आणि त्याची किंमत पुढची सव्वाशे वर्षं आगवाल्यांनी फावडं मारून भरली.

टीबेला एक छोटी शेड होती. तिथं इंजिनं वाफ तयार ठेवून उभी असायची, जड गाडी आली की ड्रायव्हर शिट्टी मारायचा, मग एक इंजिन मागनं येऊन टेकायचं आणि माथ्यापर्यंत ढकलायचं. हे सांगितलं तर दाजी लगेच म्हणाले, "म्हंजे कर्जत." बरोब्बर कर्जत. आम्ही दोघंही कोयना एक्सप्रेसवर वाढलोय, मुंबईहून येताना कर्जतला गाडी थांबली की मागं बँकर लागणार, धक्का बसणार, तोवर वडा घ्यायला पोरं खाली उतरणार हे रक्तात बसलंय. १८६३ मधे बोरघाट सुरू झाला तेव्हा तिथंही वाफेचीच इंजिनं होती, वीज नंतर १९२९-३० च्या सुमारास आली. टीबेची शेड १९६८ साली बंद झाली, स्टेशनही गेलं. आता तिथं रेल्वेचं गाव असल्याची खूण शोधावी लागते, लोकांना टीबे माहिती आहे ते हायवेच्या सर्व्हिसेसमुळं, जिथं खरंच बरं खायला मिळतं.

आम्ही स्काउट ग्रीनच्या बाजूला एका अरुंद रस्त्यावर, गेट अडणार नाही अशी गाडी लावली. हे महत्त्वाचं आहे. शेतकऱ्याचं गेट अडवलं तर तो ट्रॅक्टर घेऊन येतो आणि त्याचं काही चुकत नाही. तिथं आधीच दहा-बारा लोक होते, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, डोक्याला लोकरीची टोपी, हातात थर्मास, प्रत्येकाच्या फोनवर रिअलटाइम ट्रेन्स उघडलेलं. इथं स्पेशल गाड्यांचा कोड १झेड ने सुरू होतो, तो टाकला की गाडी कुठल्या सिग्नलला किती मिनिटं लेट आहे ते सगळं दिसतं. पूर्वी लोक कानावर विसंबून असायचे म्हणे. आता एकजण ओरडतो, "ऑक्सनहोम, प्लस सिक्स!", म्हणजे ऑक्सनहोम स्टेशनला सहा मिनिटं लेट, की सगळे घड्याळ बघतात.

शॅपचे दोन तोटे आहेत ते सांगून टाकतो. एक म्हणजे १९७४ ला इथं विजेच्या तारा आल्या, त्यामुळं फ्रेममधे खांब येतोच, कुठंही उभं राहा. दुसरा म्हणजे ऊन. गाडी उत्तरेला जाते, दुपारचं ऊन दक्षिणेकडनं, म्हणजे इंजिनाचं तोंड सावलीत. तरी लोक येतात, कारण शॅप बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. मी दाजींना म्हणलं व्हिडिओ घ्या, फोटोच्या नादाला लागू नका.

इंजिन होतं ४५६९९ गॅलेटिया. जुबिली क्लास. विल्यम स्टॅनिअरनं एलएमएस रेल्वेसाठी केलेलं डिझाइन, १९३४ ते ३६ मधे एकूण १९१ बनली, आता चार शिल्लक. गॅलेटिया वेल्समधल्या बॅरीच्या भंगार यार्डात गंजत पडलेलं होतं, तिथनं लोकांनी वर्गणी काढून, पदरचे पैसे घालून एकूण २१३ इंजिनं सोडवली, त्यातलं हे एक, आणि मेन लाइनवर परत आलं ते २०१३ मधे. जुबिलीला तीन सिलिंडर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला सहा ठोके. दोन सिलिंडरचं इंजिन चार ठोके देतं. ऐकणाऱ्याला डोळे मिटून फरक कळतो.

आधी खालून खिंडीतनं शिट्टी आली. मग बराच वेळ काहीच नाही, हायवेवरच्या ट्रकांचा आवाज तेवढा. मग ठोके. आधी एकात एक मिसळलेले, घरघर केल्यासारखे, आणि जसजशी गाडी चढाला लागली तसतसे सुटे सुटे व्हायला लागले. वेग कमी होतोय हे दिसायच्या आधी कानाला कळतं. झाडांच्या वरनं पांढरा लोट, मग खांबांच्या मधनं काळं तोंड, आणि मग ते आमच्या समोरनं गेलं, तीस-पस्तीस मैलाच्या आसपास असेल, पायाखालची जमीन हलत होती आणि मागच्या मेंढ्यांनी मानही वर केली नाही. सगळ्यात शेवटी डिझेल. काही खेपांना असतं, काहींना नसतं. मग काय, गाडी दिसेनाशी व्हायच्या आत वाद सुरू, मागचं डिझेल ढकलत होतं का नुसतं ओढलं जात होतं. एकजण म्हणाला ऐकू येत होतं ना, जोर लावलेला. दुसरा म्हणाला छे, आयडलवर होतं. हा वाद दर वेळी होतो आणि मला वाटतं त्याच्यासाठीच अर्धे लोक येतात. दाजींचं मत विचारलं तर म्हणाले, "मागनं ढकललं तर ढकललं, बँकर लावला म्हणून कोयनेला कोण नावं ठेवतं का?"

पण दाजी खूश नव्हते. म्हणजे भारावून गेले होते, दोनदा नाद खुळा म्हणाले, पण कपाळाला आठी. कारण माथ्याकडं जाताना चिमणीतनं काळा धूर आला होता, घट्ट काळा, आणि आजूबाजूचे सगळे कॅमेरेवाले आनंदानं वेडे झाले होते. त्याला इथं क्लॅग म्हणतात आणि क्लॅगसाठी लोक जीव टाकतात. दाजी म्हणाले, "ह्यात काय टाळ्या वाजवायच्या? काळा धूर म्हंजे कोळसा जळंना झालाय, हवा कमी पडालीय. आमच्या शिफ्टला असला धूर दिसला असता तर चीफ इंजिनिअरनं खाली उतरवला असता." मी हे भाषांतर करून शेजारच्या आजोबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला. म्हणाले बरोबर आहे यांचं, आगवाला कॅमेऱ्यासाठी दोन फावडी जास्त मारतो.

खरं तर मला इतक्या वर्षात कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. टीबेवरून कर्बी स्टीव्हनला जाताना गाडीत दाजींचं लेक्चर चालू होतं. त्यांच्या कारखान्यात बॉयलर वॉटर ट्यूब, म्हणजे नळ्यांत पाणी आणि बाहेरनं आग. इंजिनात उलटं, नळ्यांतनं आग जाते आणि भोवती पाणी. प्रेशर जुबिलीला चौरस इंचाला २२५ पौंड, दाजींनी मनातल्या मनात हिशोब करून सांगितलं की म्हणजे चौरस सेंटीमीटरला पंधरा-सोळा केजी, कारखान्यात वीजही बनवणाऱ्या को-जनरेशनच्या बॉयलरला सदुसष्ट केजी असतं, त्या मानानं हे बारकं पोर. पण मग ते म्हणाले की ड्राफ्ट कसा करतात रं, आयडी फॅन कुठाय? मी सांगितलं, धूर ओढून घेणारा तसला फॅन इथं नाहीच. सिलिंडरमधनं काम करून सुटलेली वाफ चिमणीच्या खालच्या नळीतनं जोरात वर सोडतात, ती जाताना सोबत धूर ओढून नेते, त्या ओढीनं शेगडीत हवा येते आणि आग भडकते. तोच तो ठोक्याचा आवाज. म्हणजे इंजिन जितका जोर लावेल तितकी आग आपोआप जास्त, जितकी आग जास्त तितकी वाफ. दाजी एकदम गप्प झाले. एक मैलभरानं म्हणाले, "लई हुशार माणसं. फॅनचं लाइटबिल वाचलं."

कर्बी स्टीव्हनला गरम सूप प्यायलो. दाजींनी त्यात सोबत आणलेली चटणी घातली, दुकानातल्या बाईनं वास घेऊन विचारलं काय आहे, तिला चिमूटभर दिली, पुढचं सांगत नाही. तिथनं मॅलरस्टँगची दरी. बारका रस्ता, एका बाजूला डोंगर, मधे ईडन नदी, दुसऱ्या बाजूला वाइल्ड बोअर फेल नावाचा सपाट माथ्याचा डोंगर, बघून दाजी म्हणाले पन्हाळ्याकडनं मसाई पठार दिसतं तसं, आणि वरनं रेल्वे. ही सेटल-कार्लाइल लाइन. ७२ मैल, १८६९ ला काम सुरू, १८७६ ला प्रवासी गाड्या. मिडलँड रेल्वेला स्कॉटलंडला जायला स्वतःचा रस्ता हवा होता, सोप्या जागा दुसऱ्यांनी घेतलेल्या, मग हे डोंगरातनं काढलं, चौदा बोगदे आणि वीसच्या वर मोठे पूल. उघड्या माळावर झोपड्या बांधून हजारो मजूर राहिले, कितीतरी अपघातात आणि देवीच्या साथीत मेले. बोरघाटाचीही गोष्ट अशीच, फक्त तिथं मेलेल्यांचा आकडा कितीतरी मोठा आणि त्यांच्या नावाचा दगड शोधून सापडणार नाही. इथं निदान चॅपलमधे एक पाटी तरी आहे. १९८० च्या दशकात ही लाइन बंद करायचं सरकारनं जवळपास ठरवलं होतं, लोकांनी वर्षानुवर्षं भांडून १९८९ ला वाचवली.

एस गिल म्हणजे या लाइनचा माथा, ११६९ फूट. ॲपलबीकडनं दक्षिणेला येणारी गाडी पंधरा मैल चढत येते, जवळजवळ सगळीकडं १०० ला १. शॅपपेक्षा सौम्य, पण संपतच नाही. ॲपलबीला गाडी पाणी भरायला थांबते, टेंडरमधे, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, चार हजार गॅलन मावतं आणि तेवढं लागतं. इथं विजेच्या तारा नाहीत, ऊन दुपारनंतर नैऋत्येकडनं, इंजिनाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे सगळं जुळून येतं. त्यामुळं गर्दी. भिंतीला लागून ट्रायपॉडची रांग, आणि रांगेचे नियम कुठं लिहिलेले नाहीत पण सगळ्यांना पाठ. आधी आलेल्याच्या पुढं उभं राहायचं नाही. गाडी येताना बोलायचं नाही, कारण निम्मे लोक आवाज रेकॉर्ड करत असतात. आणि कुंपणाच्या आत पाय टाकायचा नाही. या शेवटच्यावर मी फार कडक आहे. २०१६ ला फ्लाइंग स्कॉट्समन दुरुस्तीनंतर लंडनवरून यॉर्कला निघालं तेव्हा लोक रुळात शिरले म्हणून गाडी थांबवावी लागली होती, मागच्या गाड्या लेट झाल्या, आणि नाव बदनाम झालं सगळ्याच रेलफॅनचं. एका फोटोसाठी रुळात जाणाऱ्याला मी फोटोग्राफर म्हणतच नाही. सेल्फीवाल्यांची ती जात. आपल्याकडंही आहे म्हणा.

तिथं आमच्या शेजारी एक आजोबा, सत्तरी पार, कॅमेरा नाही, फक्त वही आणि घडी घालायची खुर्ची. त्यांनी विचारलं कुठनं आलात. मी सवयीनं म्हणलं इंडिया, मुंबईच्या जवळ, कारण पुढचं सांगून उपयोग नसतो. दाजींना हे पटलं नाही. मुंबईच्या जवळ काय, साडेतीनशे-चारशे किलोमीटर आहे. ते छाती काढून म्हणाले, "कोल्हापूर."

आजोबा खुर्चीतनं उठले. "फोर फाइव्ह फाइव्ह नाइन थ्री," ते म्हणाले.

दाजी माझ्याकडं बघायला लागले. मला माहिती होतं, पण मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, घरी गेल्यावर फोटो दाखवून चकित करायचा विचार होता, तो आजोबांनी उडवला. तर गोष्ट अशी, की एलएमएसनं बऱ्याच जुबिली इंजिनांना ब्रिटिश साम्राज्यातल्या मुलखांची नावं दिली होती. त्यात आपल्याकडची ढीगभर. ४५५७४ इंडिया, ४५५७६ बॉम्बे, ४५५८७ बडोदा, ४५५८९ ग्वाल्हेर, ४५५९२ इंदूर, आणि ४५५९३ कोल्हापूर. गायकवाड, शिंदे, होळकर आणि छत्रपती, सगळे एका ओळीत रुळावर. "सातारा?" दाजींनी विचारलं. नाही. "बेस्ट," दाजी म्हणाले. बाकीची सगळी भंगारात गेली, पण कोल्हापूर शिल्लक आहे, त्या चारातलं एक.

आणि नुसतं शिल्लक नाही. आजोबांनी जे सांगितलं ते मी वाचलेलं होतं, पण ते तेव्हा स्वतः तिथं उभे होते. १९६७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधली वाफ संपत आली होती, जुबिली तर हाताच्या बोटावर उरलेल्या, आणि लीड्सच्या होलबेक शेडमधे तीन होत्या, अल्बर्टा, अकिलीस आणि कोल्हापूर. शनिवारी सुट्टीच्या गर्दीसाठी जादा गाड्या सुटायच्या, त्या या लाइनवरनं या जुबिली ओढायच्या. अख्ख्या देशातली पोरं त्या उन्हाळ्यात इथं यायची, तंबू टाकायची, सायकली भिंतीला लावायची. आजोबा तेव्हा शाळेत होते. कोल्हापूर कार्लाइलला गाडी घेऊन जाताना आणि येताना त्यांनी याच भिंतीवरनं बघितलं होतं. ऑक्टोबर १९६७ ला ते सेवेतनं काढलं. पुढच्या वर्षी ११ ऑगस्टला सरकारी रेल्वेची मेन लाइनवरची शेवटची वाफेची प्रवासी गाडी याच लाइनवरनं गेली, तिकीट पंधरा गिनी, आणि त्यानंतर तीन वर्षं मेन लाइनवर वाफेला जवळजवळ बंदीच.

दाजींनी मग फोन काढला. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, कारखान्याची चिमणी, नातवाचा वाढदिवस, सगळं दाखवलं. मी दुभाषा. आजोबांना त्या गावात रेल्वे आहे का हे जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, आहे, मिरजेपासून, १८९१ ची, संस्थाननं काढलेली, शाहू महाराजांच्या काळात, आधी मीटर गेज होती, आता स्टेशनला त्यांचंच नाव आहे. १९३४ ला ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात हे इंजिन बनलं तेव्हा गादीवर राजाराम महाराज होते. त्यांना कुणी कळवलं होतं का, की तुमच्या राज्याचं नाव घेऊन एक इंजिन स्कॉटलंडला गाड्या ओढतंय, कुणास ठाऊक. आजोबांनी वहीत "राजाराम" लिहून घेतलं.

गाडी ॲपलबीला जास्त थांबली. प्लस नाइन, प्लस चौदा, प्लस एकोणीस. इकडं ऊन डोंगराच्या कडेला टेकायला आलेलं, सगळ्यांचा एक डोळा फोनमधे आणि एक डोळा सूर्याकडं. ढगाची एक पट्टी सरकत होती. वारा असा की ट्रायपॉडला दगड बांधलेले. दाजींनी माझी एक, त्यांची एक आणि ताईची एक अशा तीन शाली गुंडाळल्या होत्या.

मग आवाज आला. दरीतनं आवाज फार लांबून येतो, पाच-सात मिनिटं आधी, मधेच वाऱ्यानं नाहीसा होतो, परत येतो, जवळ आल्यासारखा वाटतो आणि गाडी दिसत नाही. सहा ठोके, थोडा वेळ गेला की परत सुटे सुटे. रांगेत कुणी बोलेना. वळणावर आधी वाफ दिसली, तिरक्या उन्हात पिवळी झालेली, मग इंजिन, मागं सगळे डबे वाकलेले, आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशी बारीक पांढरा फूत्कार. दाजी कुजबुजले, कुजबुजायची परवानगी नव्हती तरी, "प्रेशर फुल हाय बघ. पंधरा मैल चढून आलंय आन् प्रेशर पडलं न्हाई." धूर राखाडी होता, पातळ. काळा नाही. कॅमेऱ्यांच्या दृष्टीनं शॅपपेक्षा कमी. मी शटर दाबून धरला, चाळीस-पन्नास फ्रेम गेल्या असतील, त्यातल्या तीन ठेवल्या. एकात चाकांच्या दांड्या बरोबर खाली आहेत, ज्याच्यासाठी लोक भांडतात, आणि केबिनमधनं आगवाल्याचा हात दिसतो. दाजींनी माझ्या बोलण्याकडं लक्ष न देता फोटोच काढला होता, एकच, थोडा तिरका, भिंतीवरची एक टोपी मधे आलेली. पण त्यात सेफ्टी व्हॉल्व्ह नेमका आलाय. त्यांना तेवढंच हवं होतं.

गाडी माथा ओलांडून गेली आणि दहा मिनिटांत भिंत रिकामी. काही लोक रिबलहेडच्या पुलाकडं पळाले, चोवीस कमानींचा, फोटोत सगळ्यांनी पाहिलेला. मी नाही गेलो. रस्ता हॉझवरून वळसा घालून जातो, गाडी सरळ बोगद्यातनं, त्यामुळं तिला गाठणं अवघड, अंधार पडत आलेला आणि मुख्य म्हणजे माथ्यानंतर उतार. उतारावर काय आहे बघण्यासारखं.

घरी येताना दाजींनी फोटो कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "कुठल्या कारखान्याचा बॉयलर हाय?" दुसरं आलं, "आगवाला चांगला हाय." मग दाजींनी ४५५९३ बद्दल लिहिलं तर कुणाचा विश्वास बसेना, शेवटी मला नावाच्या पाटीचा फोटो शोधून द्यावा लागला. ते इंजिन बर्मिंगहॅममधल्या टाइझलीच्या, जुनी इंजिनं जपणाऱ्या मंडळींकडं आहे, सध्या चालू नाही, मोठ्या दुरुस्तीची वाट बघतंय, आणि तिथली जागा रोज उघडी नसते, ठरावीक दिवशी लोकांना आत सोडतात. तो दिवस दाजींच्या परतीच्या तिकिटानंतरचा निघाला. आता दाजी ताईला पुढच्या वर्षी परत यायचं पटवतायत, ताई म्हणते जून असेल तर बघू, आणि दाजींनी मला बजावून ठेवलंय की आत सोडतील तेव्हा बॉयलरच्या नळ्या बदलल्यात का ते आधी विचारून ठेव.